जांभळी नाक्याचे लंगोटवाले शेठ

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण आधी चार कशाचे ते वाचा. तान्ह्या बाळाचं सामान कुठून घ्यायचं असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी गेले काही महिने तोंडी हेच सांगतेय, आता एकदाचं लिहून ठेवते.

दुकानाचं नाव देत नाही. शेठनीच नको म्हणून सांगितलं. "नाव नका टाकू ताई, आहे त्या गिऱ्हाइकाला बसायला स्टूल नाही माझ्याकडे." ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, जांभळी नाक्याच्या बाजारात शिरायचं, भाजीवाल्यांची रांग संपून कापडाची नि काष्ठौषधींची दुकानं लागली की कुठल्याही फुलवालीला 'लंगोटवाले शेठ' विचारायचं. पाटी आहे, पण ती ताडपत्रीखाली गेलीय. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसरं रस्त्यावर. आत जमिनीपासून छतापर्यंत पांढरे गठ्ठे, वर माळा, माळ्याला शिडी. गल्ल्यावर शेठ, सत्तरीचे, कच्छी; मराठी मात्र माझ्या जावयापेक्षा चोख. सोबत त्यांच्या सूनबाई. दुकानाचा मोबाइल त्यांच्याकडे, त्यामुळे खरा कारभार त्यांचाच.

माझं मत कुठून येतंय तेही सांगते. मी पोस्टात बचत खात्यांच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. पावती नसलेला व्यवहार मला झोपू देत नाही. राहते कळव्यात. लेक ऐरोलीला दिलीय, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आणि २०२५ च्या ऐन जुलैत बाळ झालं. मुलगी. आता ती पालथी पडून स्वतःचीच मूठ तोंडात कोंबते, म्हणजे दुकानातून आणलेलं सगळं वापरून, धुऊन, थोडंफार फाटूनही झालंय. पिशवीतून नवं सामान काढायचं, फोटो टाकायचा आणि तारे द्यायचे, असल्या शिफारशींवर माझा विश्वास नाही.

बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, ही पद्धत आमच्याकडे आहे आणि विहीणबाईंकडेही. दोन्ही घरांचं एकमत झालेली आजवरची ही एकच गोष्ट. पण हॉस्पिटलवाले आठव्या महिन्यात यादी हातात ठेवतात: इतके लंगोट, इतकी दुपटी, टोपडं, बाळाला गुंडाळायला मऊ कापड. आता आणायचं नाही तर ऐनवेळी धावायचं कोणी? जावई म्हणाले, मोबाइलवर दहा मिनिटांत येतं हल्ली. येतं, डायपर येतो. धुतलेल्या मलमलचं दुपटं कसं लागतं हाताला, ते मोबाइलवर कळत नाही.

शेठकडे यावर तोड आहे, आणि पहिला तारा त्याचा. सातव्या-आठव्या महिन्यात तुम्ही जायचं, कापड हाताने बघायचं, यादी सांगायची. शेठ त्या सामानाचं गाठोडं बांधतात, वर चिठ्ठी टाचतात, चिठ्ठीवर फक्त आडनाव आणि महिना. गाठोडं माळ्यावर जातं. पैसे? एक रुपया घेत नाहीत. बाळ झालं की फोन करायचा. सूनबाई मुलगा की मुलगी असं विचारत नाहीत, वजन विचारतात. आमचं सव्वादोन किलोचं होतं, तर त्यांनी गाठोडं सोडून झबली एक नंबर लहान घातली आणि दुपट्यांत एक वाढवलं. पोऱ्याबरोबर सामान हॉस्पिटलात पोचतं, रिक्षाभाडं आपलं. त्याच्याच हातावर बिल नि पैसे.

मी पहिल्या वेळीच विचारलं होतं, "शेठ, फोन आलाच नाही तर?"

"तर आपण करायचा नाही," ते म्हणाले. महिना उलटून बरेच दिवस गेले की गाठोडं गुपचूप सोडतात आणि कापड परत गठ्ठ्यात लावतात. एवढंच बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची मलमल मापायला घेतली.

दुसरा तारा यादी कापल्याचा. मी गेले होते भरगच्च यादी घेऊन, त्यातली अर्धी हॉस्पिटलची, अर्धी विहीणबाईंनी फोनवर लिहून दिलेली. शेठनी चष्मा वर केला आणि पेन मागितलं. बारा झबली? सहा करा, महिन्याभरात आखूड होतील. लाळेरी? लाळ सुटायला लागली की या, कुठे पळत नाहीत. हातमोजे? बाळाला बोटं बघू द्या स्वतःची. पायमोजे ठेवले. मग यादीवरून नजर उचलून विचारलं, "आणि आईचं काय घेतलंत?"

आईचं काहीच नव्हतं. यादीत सगळं बाळाचं. दोन घरांतल्या एवढ्या बायका, सगळ्या बाळंतपणं करून बसलेल्या, पण एकीनेही बाळंतिणीला दोन सुती गाऊन लागतील असं लिहिलेलं नाही. शेठकडे पुढून उघडणारे, पातळ सुती गाऊन ४५० रुपयांना आहेत. रंग भयंकर. एक पोपटी, एक विटकरी, तिसरा बघवत नव्हता. लेकीने नाक मुरडलं आणि मग रात्री-बेरात्री पाजताना दुसरं काही अंगाला लावून घेतलं नाही. पोटाला बांधायचा पट्टाही आहे, पण सिझर झालं असेल तर डॉक्टरला विचारून या म्हणतात, तसा देत नाहीत.

आता हिशोब, कारण त्यासाठीच बरेचजण वाचत असतील. लंगोट डझनाला ३६० रुपये, मी तीन डझन घेतले. झबलं ७० ला, सहा घेतली. मलमलची दुहेरी दुपटी १८० ची एक, अशी चार. टोपडी ४० ची दोन. कुंची एक, ३२०. खाली घालायची ड्राय शीट २४० ला, दोन. सगळं मिळून ३,१०० रुपये. गाऊन आणि पायमोजे वेगळे. यात दुपटी खरं तर आणखी कमी चालली असती, कारण माझ्या आईच्या जुन्या नऊवारीची दुपटी मी शिवून ठेवलीच होती. (ती कपाटात आधीपासून होती, म्हणजे 'आणली' नाहीत. पळवाट आहे, मला मान्य आहे.) पहिलं झबलं तर नवं घालायचंच नव्हतं, ते शेजारच्या नातवाचं वापरून मऊ झालेलं मागून आणलं. निरोगी बाळाच्या अंगावरचं जुनं, ही पद्धत ज्या कोणी पाडली तिला नव्या कापडातली खळ माहीत असणार.

तिसरा तारा कापडाचा. लंगोट त्रिकोणी, नाडीचे. चौकोनीही आहेत, पण त्यांना पिना लागतात आणि पिना मला नकोत. झबल्यांची शिवण बाहेरच्या बाजूला आहे, आतून पाठ गुळगुळीत, पुढे नाडी, बटण एकही नाही. मला आधी वाटलं पोऱ्याने उलटं घडी घातलंय. रंग फक्त पांढरा आणि फिका पिवळा. मॉलमधल्या गुलाबी सशांची सवय असलेल्यांना कळाहीन वाटेल, पण पांढऱ्यावर बाळाच्या शीचा रंग दिसतो आणि डॉक्टरबाई पहिला प्रश्न तोच विचारतात. सूनबाई सांगतात की सगळं एक रात्र साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, मगच घाला. ऐका. मलमल पहिल्या धुण्यात चांगली आटते. तक्रार नाड्यांची: मशीनमध्ये टाकले की नाड्यांचा गुंता होतो आणि काही लंगोटांच्या नाड्या मुळातून निघाल्या. जाळीच्या पिशवीत घालून मशीनला लावा, नाहीतर हाताने धुवा.

धुण्याचं काय, धुतील कोणीही. वाळवायचे कुठे? ठाण्याचा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, खाली पंखा पाचवर, पाहुणा आला की वाकून आत यायचा. "पावसाळ्यातलं बाळ ना? मग तीन डझन," हे शेठ का म्हणाले ते पहिल्याच आठवड्यात कळलं. दमट लंगोट इस्त्रीने कोरडे करताना येणारा तो वास, तो अजून आमच्या पडद्यांना आहे.

लंगोट की डायपर यावर आमच्याकडे जी जुंपली ती सांगत बसले तर पान भरेल. विहीणबाई लंगोटाच्या बाजूच्या, पण धुवायला ऐरोलीहून येणार नव्हत्या. लेक डायपरच्या बाजूची. मी आकडे मांडले. लहान मापाचा एक डायपर साधारण १० रुपयांचा. तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-नऊ लागतात. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास गेले, दर महिन्याला. तीन डझन लंगोट १,०८० रुपयांत एकदाच. पण लंगोटाच्या हिशोबात साबण, पाणी, वीज आणि माझे खांदे धरलेले नाहीत, आणि बाळंतिणीची झोप तर कुठल्याच हिशोबात कोणी धरत नाही. म्हणून रात्री डायपर, बाहेर जाताना डायपर, घरात दिवसा लंगोट. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एक रात्र येऊन बदलावेत.

डायपरचं निघालंच आहे तर: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मुलांच्या डायपरवरचा आणि दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. जुन्या करासकट १,१२० ला मिळणारं पाकीट १,०५० ला मिळायला हवं. आमच्याकडच्या एका मेडिकलमध्ये नंतरही बरेच दिवस जुन्याच छापील किमतीने बिल फाडत होते, आणि विचारलं की मुकाट्याने कमी करत होते. विचारत जा. शेठकडे डायपर मिळत नाही, त्यामुळे हे त्यांच्याबद्दल नाही.

दुधाची पावडर आणि बाटलीही त्यांच्याकडे मिळत नाही, आणि ती मात्र ठरवून. मोठ्या दुकानांत 'न्यू बॉर्न गिफ्ट सेट' म्हणून पारदर्शक डब्यात साबण, पावडर, फणी आणि मधोमध बाटली अशी मांडणी असते. हायवेवरच्या एका दुकानात तर सेटवर सूटही होती. पावडरच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात, त्यांच्यावर सूट, भेटवस्तू, फुकट नमुना हे सगळं १९९२ च्या कायद्याने बंद आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. ज्या आईला डॉक्टरांनी सांगितलंय तिने पावडर जरूर घ्यावी, तिला कोणी बोल लावू नये. पण भेट म्हणून बाटली नेणाऱ्या आत्यांना माझं सांगणं आहे की बाळंतिणीच्या हातात बाटली ठेवणं म्हणजे तिला न विचारता दिलेलं मत आहे.

चौथा तारा सूनबाईंच्या वहीचा. दुकानात कुठे लिहिलेलं नाही, पण मालिश करणाऱ्या, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावशींचे नंबर त्यांच्याकडे एका वहीत आहेत, भागवार: कळवा, खारेगाव, वर्तकनगर, घोडबंदर. शेजारी शेरे. 'वेळेवर येते.' 'बोलते फार.' 'जुळ्यांची सवय आहे.' आम्हाला मिळालेल्या मावशी 'बोलते फार'मधल्या होत्या आणि बरं झालं, लेकीचं त्या तासाभरात चांगलं मन रमायचं. सूनबाई यात दलाली घेत नाहीत. मी मावशींना आडून आडून विचारून खात्री केली, सवय जात नाही.

बाळ-बाळंतीण दोघींचं मिळून मावशींना दिवसाला ६०० रुपये. सव्वा महिन्याचे २४,००० च्या घरात गेले. विहीणबाई ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्या वेळी घरचंच कोणीतरी करायचं."

"करायचं, पण त्या घरच्या बाईचे गुडघे आज काय म्हणतात ते विचारा," मी म्हटलं.

मला विचाराल तर बाळंतपणातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हा. त्याच महिन्यात जावयाच्या मित्रांनी वर्गणी काढून १३,५०० रुपयांची बाबागाडी दिली. सुरेख आहे. चाकं फिरतात, छत्री उघडते, कप ठेवायला जागा आहे. पण कळव्यात ती चालवायची कुठे? फुटपाथ असेल तिथे त्यावर गाड्या, नसेल तिथे खड्डे. सध्या तिच्यात इस्त्रीचे कपडे असतात. पोरांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल शंका नाही, पण त्याच पैशांत बाळंतिणीचे तीन आठवडे मालिशीसकट निघाले असते आणि कोणी तसं दिलं असतं तर मी त्याचा फोटो फ्रेम केला असता. माणसं बाळाला देतात कारण बाळाचं दिसतं. टाके पडलेल्या, कंबर धरलेल्या मुलीला काय द्यायचं ते सुचत नाही म्हणून तिला विचारतात, "दूध येतंय ना पुरेसं?"

मावशींबाबत एक अट मात्र घाला. नाका-कानात तेल ओतायचं नाही, नाक ओढून सरळ करायचं नाही, धुरी नाही. डॉक्टरबाईंनी तिन्ही गोष्टी आधीच सांगितल्या होत्या. मावशी धुरीवर अडून बसल्या. ओवा-वावडिंगाची धुरी दिल्याशिवाय न्हाणं पुरं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाजूला ठेवायची, वास आला म्हणजे झालं, यावर तोडगा निघाला.

शेठच्या शेजारीच काष्ठौषधींचं दुकान आहे, तिथे बाळगुटीचं सामान मिळतं: मुरडशेंग, हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, सुंठ, सगळं एका डबीत, सहाण वेगळी. विहीणबाईंनी डबी मागवली होती, मी आणली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. हे मी सांगून विहीणबाईंना पटलं नसतं, म्हणून त्यांना लसीच्या दिवशी थेट डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगली आहे हो बाई, नीट समजावते." डबी फडताळात आहे, सहाण मी हळद उगाळायला घेतली.

आता कापलेला तारा. शेठच्या दाराशी वर टांगलेले रंगीत वॉकर आहेत, चाकांचे, भोंगा वाजणारे. त्याखाली मोहरीच्या उशा, डोक्याला गोल आकार यावा म्हणून. आणि गल्ल्याशेजारी काजळाच्या डब्या. या तिन्ही गोष्टी आमच्या डॉक्टरबाईंच्या 'नको'च्या यादीत आहेत. उशी तर बाळाला वर्षभर लागतच नाही, नाक दबायची भीती. काजळांत शिसं सापडलेलं आहे, त्यामुळे डोळ्यात नको. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, दृष्ट काय पायावरूनही निघते. आणि वॉकर. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून गडगडली. चालायला लवकर शिकतात हेही खरं नाही. मी शेठना हे सगळं म्हणाले.

"लोक मागतात ताई."

"बाटलीही मागतात की लोक. ती नाही ठेवत ना तुम्ही?"

शेठ हसले, सूनबाई हसल्या नाहीत. नंतर मला हळूच म्हणाल्या, "मीपण सांगते. वॉकरमध्ये कमाई आहे, लंगोटात काय सुटतं?" तेही खरंच असणार. पण तारा गेला तो गेला. पुढच्या वेळीही वॉकर तिथेच होते, उलट एक निळा वाढला होता.

बारीकसारीक गैरसोयी आणखी आहेत, त्यांचे तारे कापले नाहीत. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर चिठ्ठीवर मिळतं, हटून बसलात तर छापील मिळतं. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद, शेठ जेवून झोपतात. गाडी लावायला जागा नाही, आणू नका. गर्भारशीला तर मुळीच आणू नका, खालची फरशी कायम ओली असते आणि स्टूल खरोखरच नाही. तिला मोबाइलवर दाखवा. सूनबाई न कंटाळता एकेक दुपटं उलगडून दाखवतात. उघडलेला लंगोट परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे.

बाळंतविडा मात्र त्यांच्याकडून तयार घेऊ नका. टोपलीत झबलं-टोपडं, दुपटं, खेळणं, तेल, साबण, वर चकचकीत कागद नि फुलं, किंमत २,५००. तेच सामान मी सुटं काढून बघितलं, १,६०० च्या आत बसतं. कागद आणि फुलांचे नऊशे रुपये मला परवडत असले तरी पटत नाहीत.

बारशाच्या खरेदीबद्दल हेच दुकान सोडून थोडं बोलते. वाळे आणि मनगट्या दोन्ही घरांकडून आल्या, वाट्या-चमचे तीन आले. चांदीचा सध्याचा भाव बघता कोणाला नको म्हणवत नाही, पण बाळ वाळे महिन्याभरात झटकून देतं आणि पुढे ते लॉकरमध्ये जातात. मी बारशाला पाकिटं आलेली होती ती सगळी लेकीच्या हातात दिली आणि सांगितलं की मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं उघड. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत पुरी. २०२४ पासून व्याज ८.२ टक्के आहे. बाळाच्या जन्माचा दाखला लागतो, तो महापालिकेकडून मिळवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. दाखला हातात आला तेव्हा लेकीने तो दोनदा वाचला. खातं उघडायला ती माझ्याच जुन्या पोस्टात गेली. माझ्या जागी आता बसणाऱ्या मुलीने फॉर्ममधली एक चूक काढून परत पाठवला, ते मला फार आवडलं.

शेठकडे परत जाणं होतंच. लाळेऱ्यांची वेळ झाली तेव्हा गेले, त्यांनी ओळखलं आणि यावेळी ताईऐवजी आजी म्हणाले, जे मला फारसं रुचलं नाही. लाळेरी ३० रुपयांची, दुहेरी कापडाची, मागे नाडी. मी डझन मागितली, सहाच दिली.

आता थंडी आहे. ठाण्यातली थंडी कितीशी, पण पहाटे खाडीवरून वारा येतो आणि विहीणबाईंना कानटोपीशिवाय चैन पडत नाही. लोकरीची टोचते म्हणून सुती अस्तराची घ्यायचीय, शेठकडे १२० ला आहे असं सूनबाईंनी फोटोसकट कळवलंय. या रविवारी विहीणबाई स्वतः येणार म्हणतात, दुकान बघायचंय त्यांना. सूनबाईंना मी फोन करून सांगून ठेवलंय की अकराच्या सुमारास येऊ, तेवढा वेळ तो निळा वॉकर उतरवून माळ्यावर टाका.